बिनकोटाचा केवलराम

भिलाईत गेल्या चौतीस वर्षांत विदर्भाकडची जी बौद्ध माणसं वारली, त्यांतली निम्मी तरी आज भिंतीवर एकाच कोटात आहेत. कोट निळा आहे. खिशाला पेन आहे, टाय लाल आहे. कुणी कोक ओव्हनला होता, कुणी रेल्वेत गँगमन. कुणी जाड, कुणी काडीसारखा. कोट मात्र सगळ्यांना बेतून शिवल्यासारखा बसला. जिवंतपणी यांतल्या बहुतेकांनी कोट घातला नव्हता, त्यामुळे तो कुठे घट्ट होतो अशी तक्रार आली नाही.

कोट भय्याजी उके यांचा, आणि चित्रंही त्यांचीच. हा कोट त्यांनी स्वतःच्या लग्नासाठी पॉवर हाउस बाजारातल्या एका टेलरकडून शिवून घेतला आणि मे महिन्यातल्या एका दुपारी एकदाच घातला. त्या दिवशीचे फोटो पाहिले तर नवरदेव बायकोशेजारी उभा आहे की भट्टीसमोर, हे सांगणं कठीण. त्यानंतर कोट जो खिळ्यावर गेला तो तिथेच राहिला. भय्याजींच्या पत्नी मैनाबाई दर वर्षी त्याला ऊन दाखवत आणि दर वर्षी म्हणत, "मेलेल्याइले पुरला हा कोट. जित्या मानसाले काही पुरला नाई."

भय्याजी स्टील प्लँटमध्ये पेंटर होते, सेफ्टी विभागात. काम पाट्या लिहिण्याचं. 'ऊपर क्रेन चलती है.' 'गरम धातु, दूर रहें.' 'हेलमेट पहनकर ही अंदर आएँ.' तिन्ही पाळ्या मिळून रोज हजारो माणसं त्यांचं लिखाण वाचत आणि वाचून बाजूला होत. मराठीत पुस्तकं लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे भाग्य लाभतं. भय्याजींना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या मते ती नोकरी होती. काम घरी होतं, पडवीतल्या इझलवर.

घरच्या कामाची रीत ठरलेली होती. माणूस वारला की घरचे लोक त्याचा गेटपास घेऊन यायचे. गेटपासवरचा फोटो हा चेहऱ्याचा पुरावा असतो, चेहरा नसतो. मान ताठ, डोळे फाकलेले, खाली गळ्यापाशी सगळं संपलेलं. भय्याजी त्यावर बारीक चौकटी आखत, त्याच चौकटी मोठ्या कॅनव्हासवर आखत आणि एकेका चौकटीतून माणूस बाहेर काढत. चेहऱ्यात ते फेरफार करत नसत. चामखीळ असेल तर चामखीळ. पण गळ्याच्या खाली काय, हे गेटपास सांगत नसे. तिथून पुढे कोट सुरू होई.

याची सुरुवात त्यांच्या वडिलांपासून झाली होती. वडील भंडाऱ्याकडून प्लँटचा पाया खोदायला आले, तेव्हा ठेकेदाराच्या कागदावर त्यांचा अंगठा होता. फोटो कुठेच नव्हता. ते गेल्यावर भय्याजींनी आठवणीतून चेहरा काढला आणि खाली काय काढावं म्हणून खिळ्याकडे पाहिलं. जयंतीच्या दिवशी शेजारपाजारचे लोक घरी आले. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी उकेबुवा तसाच निळा कोट घालून बसलेले. ज्यांनी त्यांना उभा जन्म उघड्या अंगाने फावडं मारताना पाहिलं होतं, ते म्हातारे चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अस्साच होता." एकजण तर रडला. भय्याजी तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली: चेहरा जन्मातून येतो, इज्जत खांद्यावर चढवावी लागते, आणि ती चढवणाऱ्याला पेंटर म्हणतात.

हा सिद्धान्त चौतीस वर्षं कुणी खोडून काढला नाही. अलीकडे सुपेल्याच्या बाजारातला फोटो स्टुडिओ तेच काम कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत करू लागला, म्हणून भय्याजींकडे गिऱ्हाइकं कमी झाली होती. पण स्टुडिओवालाही कोटच घालत होता. फरक इतकाच, त्याच्याकडे चाळीस कोट होते.

अशात एका सोमवारी सकाळी जामुल रोडवरून गिरजाबाई आल्या. त्यांचा नवरा केवलराम जाऊन आठ दिवस झाले होते. केवलराम रिगर होता, म्हणजे जड लोखंडाला वायर रोप बांधून क्रेनच्या हुकात अडकवणारा. भय्याजी त्याला तोंडओळखीने जाणत होते. माणूस कमी बोलणारा, आणि मोबाइल समोर धरला की मान फिरवणारा. पोराच्या लग्नाच्या तीनशे फोटोंत तो नव्हता. तो जनरेटरपाशी होता. गिरजाबाईंनी पिशवीतून गेटपास काढून दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, येत्या रविवारी पुण्यानुमोदन हाय. तवरोक फोटो पाहिजे. आन कोट नोको."

भय्याजींना वाटलं, रंगाचं बोलून राहिल्या. "काळा करू?"

"काळा बी नोको. कोटच नोको."

"मंग काय घालू त्याले?"

"जे घाले तेच. खाकी शर्ट. वरचं बटन उघडं."

भय्याजींनी ब्रश खाली ठेवला. "मंग त्या सुपेल्यावाल्याकडं जा ना, वयनी."

"गेली होती ना! तो म्हने, 'आंटी, कोट है, शेरवानी है, पुलिस का ड्रेस है, दूल्हे का साफा है. सादा शर्ट नहीं है. सादा शर्ट कोई माँगता ही नहीं.'"

मशीन हरलं हे ऐकून भय्याजींना बरं वाटलं. पण लगेच लक्षात आलं की मशीन आणि आपण एकाच ठिकाणी हरलो आहोत. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "पाहा वयनी, जन्मभर त्यानं कंपनीचे कपडे घातले. गेटवर त्याले नंबरानं ओळखत. आता तरी मानसासारखा बसू द्या त्याले. समाजात चार लोक पाह्यतीन."

"चार लोक एक दिवस पाह्यतीन. मंग मीच पाह्यतो रोज." गिरजाबाई पायरीवर टेकल्या. "भाऊ, कोटवाला मानूस घरात आला त मी उठून उभी राह्यतो. पदर घेतो, पानी देतो. आता हा भिंतीवर बसन बारा महिने. मी बारा महिने उभी राहू काय? माहे गुडघे पाह्यले काय तुमी?"

आतून मैनाबाईंचा आवाज आला, "बरोबर बोलून राह्यल्या त्या."

भय्याजींच्या सिद्धान्तात गुडघ्यांचा विचार केलेला नव्हता.

संध्याकाळी मुलगा आला, सुजय. तो एका खासगी कंपनीत सुपरवायझर होता आणि मराठी घरापुरती बोलायचा. "काका, आईचं ऐकू नका तुम्ही. माझे साहेब येणार आहेत रविवारी. लोग क्या बोलेंगे, बेटे ने बाप को शर्ट में ही रख दिया?"

भय्याजी मनातून सुजयच्या बाजूचे होते. पण त्यांचा एक नियम होता: ज्याला रोज पाहायचं आहे त्याचं चित्र. "तुह्या घरी आईच सगळ्यात जास्त बसते," ते म्हणाले. "तिचंच ऐका लागन."

"ठीक है," सुजय म्हणाला आणि मोटरसायकल थेट सुपेल्याकडे वळवली.

बुधवारपर्यंत चेहरा झाला. चांगला झाला. मग भय्याजी गळ्याच्या खाली आले आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी सवयीने खिळ्याकडे पाहिलं, मग उठून स्वतःचा एक खाकी शर्ट त्याच खिळ्यावर अडकवला आणि तो पाहून काढला. मैनाबाई चहा घेऊन आल्या. चित्राकडे बघून म्हणाल्या, "हा त दुकानात टांगल्यासारखा दिसते. किंमतीची चिठ्ठी तेवढी लावा."

भय्याजींनी ते पुसलं. दुसऱ्यांदा काढलं, तेही पुसलं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की नव्वद सालापासून त्यांनी एकही खांदा काढलेला नाही. कोटाला खांदे असतात ते टेलरचे. आत कापसाचे पॅड घातलेले असतात. गँगमन, फिटर, हेल्पर, शाळेचा चपराशी, सगळ्यांच्या नावाने ते चौतीस वर्षं पॅड रंगवत होते.

गुरुवारी त्यांनी गिरजाबाईंना बोलावून विचारलं, "केवलरामचे खांदे कसे होते?"

"आता हे काय विचारनं झालं, भाऊ!" त्या हसल्या. मग विचार करू लागल्या. "समोरून मी कुठं पाह्यलं? लाज वाटे. सायकलवर मागं बसली, मंग लुनावर मागं बसली. बाजाराले जाव, नंदिनी गावाले बहिनीकडं जाव. तीस वरसं मी त्याची पाठच पाह्यली." त्यांनी हवेत दोन्ही हात धरले, जणू समोर कुणी गाडी चालवत होतं. "इकडचा वर होता. आन इकडचा असा खाली उतरला होता, चार बोटं. वायर रोप वाह्यून वाह्यून. शर्ट त्या बाजूनं नेहमी घसरे. मी मागून वढून बरोबर करो, आन तो म्हने, हात काढ, गुदगुल्या होतेत."

त्यांचा उजवा हात हवेत जिथे खाली होता, ते भय्याजींनी नीट पाहून घेतलं. त्या गेल्यावर कॅनव्हासच्या उजव्या बाजूला, बरोबर तेवढाच खाली, त्यांनी खांदा काढला. शर्टाला तिकडे एक चुणी दिली. आता ते कापड टांगलेलं दिसत नव्हतं. आत कुणीतरी होतं.

शनिवारी दुपारी गिरजाबाई चित्र न्यायला आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. रडतील या अंदाजाने मैनाबाई पाणी घेऊन आल्या. गिरजाबाई रडल्या नाहीत.

"चेहरा त्याचाच हाय," त्या म्हणाल्या. "पन हा त्याचा भाऊ वाटते."

"भाऊ होता काय त्याले?"

"नाई ना. म्हनून त म्हनतो."

मग त्या इझलला वळसा घालून मागे गेल्या. चित्राच्या मागे जाऊन पाहणारा प्रेक्षक भय्याजींना आयुष्यात पहिल्यांदा भेटला. मागे कोरं कापड, लाकडी चौकट आणि खिळे होते. गिरजाबाईंनी तेही नीट पाहिलं. "इकडून असता त मी सांगतलं असतं काय चुकलं ते," त्या म्हणाल्या. मग एकदम त्यांना सुचलं. "भाऊ, तुमी फिरून उभे राहा."

भय्याजी पाठ करून उभे राहिले. सहासष्टाव्या वर्षी, स्वतःच्या पडवीत, बायकोदेखत. गिरजाबाईंनी मागून त्यांचा उजवा खांदा धरला आणि खाली दाबला. "हा," त्या म्हणाल्या.

भय्याजी तसेच वाकड्या खांद्याने वळले आणि चित्राकडे पाहिलं. चित्रातल्या केवलरामचा डावा खांदा उतरला होता. गिरजाबाई त्याला मागून पाहून सांगत होत्या, आणि भय्याजी त्याला समोरून रंगवत होते. पाठीवरचं सगळं जसंच्या तसं त्यांनी छातीवर आणून बसवलं होतं.

"हे त बापा, आरशातला केवलराम झाला," मैनाबाई म्हणाल्या.

"उद्या दहा वाजता हाय कार्यक्रम," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता काळजी होती. "राहू द्या. लोकाइले काय समजते."

"तुमाले समजलं ना," भय्याजी म्हणाले आणि चाकूने रंग खरवडायला बसले.

दिवेलागणीपर्यंत दोन्ही खांदे बदलून झाले. डावा वर गेला, उजवा चार बोटं उतरला, चुणी इकडची तिकडे आली. चित्र झालं, पण ऑइलचा रंग. तो कार्यक्रमाची वेळ बघून वाळत नाही.

रविवारी जामुल रोडच्या घरासमोर मांडव पडला होता. मांडवाच्या तोंडाशी सुजयने लावलेलं सहा फुटी फ्लेक्स. त्यावर केवलराम निळ्या कोटात, सोनेरी बटणं, आणि मागे बर्फाचे डोंगर अन् तळं. केवलराम नंदिनीच्या पलीकडे फारसा कुठे गेला नव्हता. येणारे लोक फ्लेक्ससमोर अदबीने हात जोडत आणि आत येत. आत टेबलावर, बुद्धमूर्तीच्या शेजारी, चित्रातला केवलराम खाकी शर्टात, वरचं बटण उघडं. त्याच्या पुढ्यात एक छोटी पाटी उभी केली होती. अक्षर भय्याजींचं: 'रंग गीला है. छूना मना है.'

सुजयचं डोकं फिरलं. "काका, ये क्या है? बाप के आगे बोर्ड?"

"हार लागला त बटन पुसून जाईन."

"लोक फुलं कुठं वाहणार मग?"

"खाली. टेबलावर."

लोक पाटी वाचत होते आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने दोन पावलं मागे सरत होते. सुजयचे साहेब आले, त्यांनीही पाटी वाचली, फुलं टेबलाच्या कडेला ठेवली आणि फ्लेक्सकडे बोट दाखवून सुजयला म्हणाले, "बाहर वाला बहुत अच्छा आया है." सुजयने आईकडे पाहिलं. आईने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. भय्याजी एका खांबाला टेकून उभे होते. चौतीस वर्षांत त्यांनी रंगवलेल्या प्रत्येक माणसासमोर लोक म्हणाले होते, 'अस्साच होता.' आज अजून कुणी म्हटलं नव्हतं.

त्रिशरण-पंचशील झालं. बौद्धाचार्य चार शब्द बोलून बसले. मांडवात थोडी शांतता होती, तेवढ्यात रामाजी उठून चित्रासमोर आले. रामाजी क्रेन ऑपरेटर, शेतकऱ्याघरचे, गोंदियाकडचे. सव्वीस वर्षं ते वर केबिनमध्ये आणि केवलराम खाली हुकापाशी. ते पाटीजवळ थांबले, मान कलती केली, थोडं मागे झाले, पुन्हा पुढे आले. मग त्यांचा उजवा हात नकळत छातीपर्यंत वर आला, मूठ एखाद्या दांड्यावर असल्यासारखी मिटली, आणि ते बारीक आवाजात म्हणाले, "बोल. उचलू काय?"

मांडव शांत असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. रामाजी दचकले. आजूबाजूला पाहून हात खाली घेतला.

"काय म्हणालात, काका?" सुजय जवळ आला.

"काही नाई रे." मग त्यांनाच राहवेना. "वरून पाह्यलं का नाई, त खाली सगळे पिवळे टोपे. कोन कोनता, काही समजत नाई. तुहा बाप तेवढा वळखू ये. हा खांदा टाकून उभा राहे. आन मंग हात वर करे. त्यानं इशारा देल्याबिगर मी कधी लोड उचलला नाई. येक बार बी नाई." ते पुन्हा चित्राकडे वळले. "आता वाटलं, करन हात."

सुजय चित्राकडे बघत राहिला. बापाला कामावर त्याने कधी पाहिलं नव्हतं. तिथे जायला पास लागतो. थोड्या वेळाने तो खांबापाशी येऊन भय्याजींना जरा तक्रारीच्याच सुरात म्हणाला, "हात तर दाखवलाच नाही तुम्ही, काका."

"चौकटीच्या खाली हाय," भय्याजी म्हणाले. "खांद्यावरून समजते."

सुजय चित्रापाशी परत गेला. पंगत बसेपर्यंत तो टेबलाजवळच उभा राहिला आणि कुणी हार घेऊन आलं की स्वतः म्हणू लागला, "रंग गीला है, भैया. नीचे रखिए."

त्या दिवशी पंगतीतल्या दोघांनी भय्याजींना विचारलं, आमच्या बाबाच्या चित्रातला कोट उतरवून देता काय. भय्याजींनी नाही म्हटलं. "खांदे कोन सांगन मले? तुमी सांगता?" दोघांनी आठवून पाहिलं आणि भाजी वाढून घेतली.

घरी आल्यावर ते वडिलांच्या चित्रासमोर खुर्ची घेऊन बसले. कोटाच्या आत काय होतं, हे त्यांनी आठवून पाहिलं. फावडं आठवलं. पाठीवरचं मीठ आठवलं. घरी आल्यावर वडील दारातच बसून पायावर पाणी घेत, तो आवाजही आठवला. खांदे आठवेनात. कुठला वर होता, कुठला खाली, की दोन्ही सारखेच होते. डोळे मिटले की तिथे टेलरचे खांदे येत. मैनाबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली. भय्याजी उठले आणि चित्रावरची धूळ तेवढी पुसली. कोट राहू दिला.

महिनाभराने ते जामुल रोडला गेले. रंग नीट बसला की नाही, भिंतीला ओल आहे का, हे बघायचा त्यांचा रिवाज होता. दार उघडंच होतं. केवलराम समोरच्या भिंतीवर होता. त्याच्या खाली गिरजाबाई पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात निवडायला घेतलेली लाखडीची पालेभाजी.

"या भाऊ. बसा. उठत नाई मी, भाजी सांडन."

भय्याजी खाटेवर बसले. भिंत पाहिली, कोरडी होती. बटण शाबूत होतं. मग न राहवून त्यांनी विचारलं, "कसा वाटते मंग?"

गिरजाबाईंनी वर पाहिलं. एक पिकलेलं पान काढून बाजूला टाकलं.

"काही बोलत नाई," त्या म्हणाल्या. "पयलेही बोलत नव्हता."

मग त्यांनी दुसरं पान घेतलं, आणि तिघं बराच वेळ तसेच बसून राहिले.